सिंहलद्वीपाचे प्रेषित संत जोसेफ वाझ

धर्मग्रामाच्या महोत्सवाचा दिवस हा ईश्वराचे आभार मानण्याचा दिवस होय. अशा दिवशी आपण मागे वळून पाहतो. मंदिराचा पाया केव्हा घातला, घंटा कोणी अर्पण केली, शाळा कशी उभी राहिली, ह्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतो, आणि हे योग्यच आहे. परंतु दगड, चुना व कौले ह्यांनी जे उभे राहते ते ख्रिस्तसभेचे केवळ वस्त्र होय. ख्रिस्तसभा स्वतः माणसांच्या अंतःकरणात रुजते. ती कशी रुजते, कोणाच्या हातून रुजते, आणि पेरणारा निघून गेल्यावर ती कशाच्या बळावर जगते, हा प्रश्न आम्हांस ह्या प्रसंगी अधिक मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर पुस्तकी वादात शोधण्यापेक्षा एका सत्पुरुषाच्या चरित्रात शोधावे, अशा हेतूने आम्ही हे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो.

हा सत्पुरुष दूर युरोपातला नव्हे. आपल्याच कोकणपट्टीच्या दक्षिणेस, गोमंतकात, आपल्या मराठीची सख्खी बहीण जी कोंकणी, ती बोलणाऱ्या घरात त्याचा जन्म झाला. धर्माचे बी परदेशी लोकांनी आणावे आणि आपण केवळ शेत व्हावे, अशी एक समजूत आपल्या लोकांत फार दिवस रुजून बसली आहे. शेजारीपाजारीही आपणांस कधी कधी तेच ऐकवितात. संत जोसेफ वाझ ह्यांचे चरित्र त्या समजुतीला दिलेले जिवंत उत्तर आहे.

गोव्याच्या साष्टी प्रांतातील बाणावली ह्या गावी, आजोळच्या घरी, 21 एप्रिल 1651 रोजी त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव क्रिस्तोव्हांव वाझ, मातेचे मारिया दे मिरांदा. घराणे मूळचे सारस्वत ब्राह्मणांचे, सांकवाळ गावचे, आणि धर्मनिष्ठेबद्दल नावाजलेले. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. आठव्या दिवशी बाणावलीच्या संत जॉन बाप्तिस्ता मंदिरात त्यांस बाप्तिस्मा मिळाला. ज्या साष्टी प्रांतातील रायतूर येथे 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले, तोच हा प्रांत. म्हणजे देशी भाषेत देवाची स्तुती करण्याची परंपरा त्या भूमीत जोसेफच्या जन्मापूर्वीच दृढ झाली होती.

सांकवाळला पोर्तुगीज व बाणावलीस लॅटिन भाषेचे शिक्षण झाल्यावर जोसेफ गोवे शहरी गेले. तेथे येशूसंघाच्या संत पॉल विद्यालयात त्यांनी साहित्याचा अभ्यास केला, आणि डॉमिनिकन संघाच्या संत थॉमस विद्यालयात तत्त्वज्ञान व ईशज्ञान ह्यांचे अध्ययन पुरे केले. 1676 साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पायांतील जोडे काढून टाकले. गोरगरीब अनवाणी चालतात, तर त्यांच्या सेवकाने वेगळे का चालावे, इतकाच त्यांचा विचार होता. पुढील वर्षी, 1677 साली, त्यांनी पवित्र मरियेचा आजन्म दास म्हणून स्वतःस लिहून दिले. एका थोर घराण्यातील विद्वान तरुणाने दास हे पद आपणहून मागून घ्यावे, ह्यातच त्यांच्या पुढील आयुष्याचे सारे मर्म आले.

त्या काळची परिस्थिती वाचकांनी ध्यानात घ्यावी. गोव्यात देशी धर्मगुरूंची संख्या बरीच होती, त्यांची विद्वत्ताही कमी नव्हती; परंतु युरोपीय धर्मसंघांची दारे त्यांना बंद होती, आणि मोठ्या जबाबदारीची कामे त्यांच्या हाती क्वचितच येत. अशा वेळी फादर वाझ ह्यांच्या कानी सिंहलद्वीपातील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कॅथलिकांची हकिगत पडली. डच लोकांनी, ज्यांना आपले पूर्वज वलंदेज म्हणत, 1656 साली कोलंबो व 1658 साली जाफना पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले. डच हे कॅल्व्हिनपंथी. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना देशाबाहेर घालविले, मंदिरे आपल्या पंथाकडे घेतली, आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यास कडक शासन ठरविले. सुमारे तीस वर्षे त्या बेटावरील लोकांना धर्मगुरूचे दर्शन जवळजवळ दुर्मिळ झाले. पोर्तुगीज तोफांच्या छायेत जे ख्रिस्ती झाले होते, त्यांपैकी पुष्कळ जण तोफा गेल्याबरोबर गळाले. परंतु काही घरांत दाराला कडी लावून माळेची प्रार्थना चालूच राहिली. त्या घरांची हाक फादर वाझ ह्यांनी ऐकली.

तथापि ईश्वराच्या योजनेत आधी एक वेगळी शाळा होती. वरिष्ठांनी 1681 साली त्यांस कानडा प्रांताचे प्रमुख धर्मगुरू नेमून पाठविले. कुंदापूर, गंगोळी, बसरूर, मंगळूर ह्या भागात त्यांनी तीन वर्षे काम केले. तेथे मोठा पेच होता. पोर्तुगीज राजाला धर्मक्षेत्राची व्यवस्था लावण्याचा जुना अधिकार होता, ज्यास पाद्रोआदो म्हणत. आणि रोमने आपल्या धर्मप्रचार मंडळामार्फत त्याच प्रांतावर बिशप थॉमस दे कास्त्रो ह्यांस नेमले होते. कोणाचे संस्कार खरे व कोणाचे खोटे, ह्या वादात भोळी जनता भरडली जात होती. फादर वाझ ह्यांनी आपल्या वरिष्ठांची आज्ञा मोडली नाही आणि बिशपांचा अवमानही केला नाही. नम्रतेने व समजुतीने त्यांनी वादाची धार पुष्कळशी बोथट केली. गावोगाव फिरून शाळा काढल्या, मंदिरे दुरुस्त केली, गुलामगिरीत विकल्या गेलेल्या ख्रिस्ती लोकांना पैसे भरून सोडविले. दोन सत्ताधीशांच्या भांडणात मेंढरांचे हित कसे जपावे, हे ते येथे शिकले.

1684 साली ते गोव्यास परतले. त्याच वर्षी तेथील पोर्तुगीज सरकारने कोंकणी भाषा बंद पाडण्याचे फर्मान काढले होते. सरकार लोकांची भाषा त्यांच्या तोंडातून काढू पाहत असता, ह्याच गोमंतकाचा एक सुपुत्र परमुलखातील लोकांच्या भाषा शिकण्यास निघणार होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जुने गोवे येथील पवित्र क्रूसाच्या टेकडीवर काही देशी धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थना व तपश्चर्या करू लागले होते. 1685 च्या सप्टेंबरात फादर वाझ त्यांस मिळाले, आणि लवकरच सर्वांनी त्यांस आपले प्रमुख निवडले. संत फिलिप नेरी ह्यांच्या ओरेटरीचे नियम त्यांनी त्या मंडळीस लावून दिले. भारतीय धर्मगुरूंचा, भारतीयांनीच स्थापिलेला हा संघ होय. पुढे 1706 साली पोप अकरावे क्लेमेंट ह्यांनी त्यास मान्यता दिली. सिंहलद्वीपाची सारी मजुरी पुढे ह्याच संघाने उचलली.

संघाचे काम मार्गी लागताच 1686 साली फादर वाझ निघाले. बरोबर जॉन नावाचा एक तरुण सेवक, आणि मिस्साबलीस लागणारे मोजके साहित्य, एवढाच परिवार. पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेस जाऊन ते तुतिकोरीनला पोहोचले. धर्मगुरूच्या पोशाखात बेटावर उतरणे शक्य नव्हते. म्हणून अंगावर मजुराची वस्त्रे घालून 1687 साली ते होडीने समुद्र ओलांडून गेले. जाफन्यास पोहोचता पोहोचता अतिसाराने त्यांस व जॉनला असे ग्रासले की दोघांच्या जगण्याची आशा उरली नाही. साथीच्या भयाने लोकांनी त्यांस वस्तीबाहेर रानातल्या झोपडीत नेऊन टाकले. एका दयाळू बाईने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले. ज्या ख्रिस्तसभेचे ते पुढे पिता झाले, तिचे पहिले अन्न त्यांनी भिक्षेकरी होऊन स्वीकारले, हे आपण विसरू नये.

बरे वाटू लागताच प्रश्न उभा राहिला की, ह्या परक्या शहरात कॅथलिक कोण हे ओळखावे कसे? विचारण्याची सोय नव्हती. चुकीच्या माणसास विचारले तर स्वतः कैदेत पडावयाचे आणि आसरा देणाऱ्यांचाही नाश ओढवावयाचा. फादर वाझ ह्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. कोणी हाकलून दिले, कोणी मूठभर तांदूळ घातले. परंतु काही दारांत त्या माळेकडे पाहून घरच्यांची नजर थबकली. भिक्षेकऱ्याच्या गळ्यातील त्या मण्यांनी बंद दारे एकेक करून उघडली. विश्वास बसल्यावर त्यांनी आपण कोण हे सांगितले. तेव्हा त्या घरातल्या वृद्धांना काय वाटले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. तीस वर्षांनंतर त्यांच्या छपराखाली मिस्साबली अर्पण होणार होता.

मग रात्रीचे काम सुरू झाले. दिवसा लपून राहावे, रात्री एखाद्या घरी जमून पापनिवेदन ऐकावे, मुलांस बाप्तिस्मा द्यावा, पहाटेपूर्वी मिस्सा अर्पण करून पुढच्या गावी जावे, असा क्रम दोन वर्षे चालला. सिल्लालै हे गाव त्यांचे मुख्य ठिकाण होते. डच अंमलदारांस ह्याची कुणकुण लागली. 1689 च्या नाताळाच्या रात्री भाविक जमले असता शिपायांनी छापा घातला. धर्मगुरू त्यांच्या हाती लागले नाहीत. लोक मात्र लागले. कित्येकांना दंड झाला, कित्येकांना फटके बसले, आणि काही जण सक्तमजुरीच्या कैदेत मरण पावले. धर्म सोडतो एवढे म्हटले असते तर ते सुटले असते. ते शेतकरी व कोळी होते. त्यांची नावे वेदीवर कोरलेली नाहीत, परंतु त्या बेटाची ख्रिस्तसभा त्यांच्याही रक्तावर उभी आहे.

जाफन्यात राहणे आता लोकांच्याच जिवावर बेतू लागले. म्हणून 1690 साली ते पुत्तलमला गेले. हा भाग कँडीच्या बौद्ध राजाच्या हद्दीत होता आणि तेथे डचांचा हुकूम चालत नव्हता. तेथून 1692 साली ते राजधानी कँडीस निघाले. परंतु दरबारातील एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथी गृहस्थाने राजाच्या कानी घातले की हा पोर्तुगीजांचा हेर आहे. राजा विमलधर्मसूर्य दुसरा ह्याने त्यांस कैदेत टाकले. कैद म्हणजे काळ वाया गेला असे फादर वाझ ह्यांनी मानले नाही. त्या दिवसांत ते सिंहली भाषा शिकले. पहाऱ्याची कडकी हळूहळू सैल झाली, तेव्हा त्यांनी आवारातच एक झोपडीवजा प्रार्थनागृह उभारले. तेथे शहरातील कॅथलिक चोरपावलांनी येऊ लागले. ज्यास हेर म्हणून धरले तो फक्त प्रार्थना करतो व आजाऱ्यांस भेटतो, हे राजानेही पाहिले.

पुढे 1696 साली कँडीच्या राज्यात अवर्षण पडले. आमच्या वाचकांस अवर्षण म्हणजे काय हे समजावून सांगणे नको. रोहिणी कोरड्या जातात, मृगही कोरडा जातो, राबात पेरलेली रोपे पिवळी पडतात, आणि माणूस दिवसातून दहादा आकाशाकडे पाहतो. परंपरा अशी सांगते की, इतर सर्व विधी झाल्यावर राजाने ख्रिस्ती धर्मगुरूस प्रार्थना करण्यास सांगितले. फादर वाझ ह्यांनी चौकात वेदी मांडली, त्यावर क्रूस ठेवला, आणि गुडघे टेकले. तेव्हा मुसळधार पाऊस आला; वेदी व धर्मगुरू मात्र कोरडे राहिले. त्यानंतर राजाने त्यांस मोकळे केले व आपल्या राज्यात धर्माचे काम करण्याची मुभा दिली. ज्यास ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेने रानोमाळ पळविले, त्यास बौद्ध राजाने आश्रय दिला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणे लिहीत आहो. देव आपल्या सेवकांचे रक्षण कोणाच्या हातून करील, हे ठरविणारे आपण कोण?

त्यानंतर गोव्याच्या ओरेटरीतून मदत येऊ लागली. 1697 साली कँडीत देवीची भयंकर साथ आली. राजा व दरबार शहर सोडून गेला. आप्तांनी आप्तांस घराबाहेर काढले. प्रेते रस्त्यात पडू लागली. फादर वाझ आणि त्यांच्या नात्यातील फादर जोसेफ कार्व्हालो मात्र तेथेच राहिले. रिकाम्या घरांत त्यांनी रोग्यांस ठेवले, स्वतःच्या हातांनी त्यांचे व्रण धुतले, त्यांस अन्न भरविले, मेलेल्यांस पुरले. रोगी ख्रिस्ती की बौद्ध हे त्यांनी विचारले नाही. जी गोष्ट शंभर प्रवचनांनी झाली नसती, ती ह्या सेवेने झाली. राजाच्या मनात जो काही संशय उरला असेल तोही गेला.

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जी ह्या चरित्रात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. फादर वाझ ह्यांना पुरते ठाऊक होते की धर्मगुरू मूठभर, गावे शेकडो, वाटा जंगलाच्या आणि डचांचा पहारा जागता. वर्षातून एकदा जरी धर्मगुरू एखाद्या गावी पोहोचला तरी मोठे भाग्य. मग उरलेले दिवस ख्रिस्तसभेने जगावे कसे? म्हणून त्यांनी प्रत्येक गावी एक जबाबदार गृहस्थ नेमला, ज्यास मुप्पू म्हणत. रविवारी लोकांस जमविणे, आजाऱ्यांची व मरणोन्मुखांची काळजी घेणे, भांडणे मिटविणे, हे त्याचे काम. प्रार्थना चालविण्यास व मुलांस धर्मशिक्षण देण्यास अण्णावी असत. फादर वाझ ह्यांनी तमिळ व सिंहली ह्या दोन्ही भाषा आत्मसात केल्या आणि लोकांस त्यांच्याच भाषेत प्रार्थना दिल्या. 1705 साली दिवाडी बेटाचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस येऊन मिळाले. ते मोठे भाषापंडित होते. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत जे ख्रिस्ती वाङ्मय निर्माण केले, ते आजही त्या देशात आदराने वाचले जाते. अशा रीतीने धर्मगुरू नसतानाही जी प्रार्थना करील, शिकवील, आणि मरणाऱ्याजवळ बसेल, अशी ख्रिस्तसभा तेथे उभी राहिली.

फादर वाझ स्वतः अनवाणी, पायी, बेटभर हिंडत. 1705 पर्यंत त्यांनी मिशनचे आठ विभाग पाडून प्रत्येकावर एक धर्मगुरू नेमला होता. पोपचे प्रतिनिधी शार्ल दे तुर्नों पूर्वेकडे आले असता त्यांच्या कानी ह्या कार्याची कीर्ती गेली, आणि फादर वाझ ह्यांस बिशप करण्याचा विचार पुढे आला. मरियेच्या दासाने ते पद नम्रपणे नाकारले. त्यांच्या अखेरच्या काळी त्या बेटावर सुमारे 70,000 कॅथलिक, 15 मंदिरे व 400 लहान प्रार्थनागृहे होती, असे चरित्रकार सांगतात. जेथे एका भिक्षेकऱ्याने जपमाळ घेऊन पहिले दार ठोठावले, तेथे चोवीस वर्षांत हे पीक आले.

अतिश्रमाने शरीर झिजले होते. 1710 साली प्रवासातून परतल्यावर ते आजारी पडले, आणि 16 जानेवारी 1711 रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, कँडी येथे त्यांनी देह ठेवला. बेटावर पाऊल ठेवल्यानंतर ते जन्मभूमीस पुन्हा कधी परतले नाहीत. कँडीतील ज्या मंदिरात त्यांस पुरले ते कालांतराने नष्ट झाले, आणि त्यांच्या थडग्याची नेमकी जागा आज कोणास दाखविता येत नाही. तरी काम थांबले नाही. गोव्याच्या ओरेटरीचे धर्मगुरू पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडून जात राहिले. 1796 साली डच सत्ता संपली, 1806 साली इंग्रजांनी कॅथलिकांवरील निर्बंध उठविले, तोपर्यंत ती ख्रिस्तसभा ह्याच देशी धर्मगुरूंनी व त्या गावोगावच्या मुप्पूंनी जिवंत ठेवली. पोर्तुगीज सरकारने 1835 साली गोव्यातील धर्मसंघ बंद केले, तेव्हा ओरेटरीही बंद पडली. परंतु लावलेले झाड आता पाणी घालणाऱ्याच्या हातावर अवलंबून नव्हते.

21 जानेवारी 1995 रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी कोलंबो येथे त्यांस धन्यपद बहाल केले, आणि 14 जानेवारी 2015 रोजी त्याच शहरी, समुद्रकाठच्या मैदानावर, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांस संत म्हणून घोषित केले. श्रीलंकेचे ते पहिले संत. 16 जानेवारी हा त्यांचा सण.

वाचकहो, आपल्या ठाणे जिल्ह्याच्या जुन्या इतिहासातही ह्याच सत्याचा दाखला आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा युरोपीय धर्मसंघांचे लोक निघून गेले, आणि ज्यांस पूर्वी दुय्यम मानीत त्या देशी धर्मगुरूंनीच धर्मग्राम सांभाळले. किल्ला पडला, पण चुलीपाशी म्हटली जाणारी माळेची प्रार्थना पडली नाही. किल्ल्याच्या आश्रयाने जे लावले जाते ते किल्ल्याबरोबर पडते. घराच्या आश्रयाने जे लावले जाते ते टिकते.

धसई आणि शहापूर-मुरबाडचा हा डोंगराळ मुलूख म्हणजे काही मोठे ख्रिस्ती क्षेत्र नव्हे. आपण थोडे आहो, वाड्यापाड्यांत विखुरलेले आहो, आणि पावसाळ्यात ओढे भरले की धर्मगुरूस प्रत्येक घरी वेळेवर पोहोचता येतेच असे नाही. चहूबाजूस इतर धर्मांचे शेजारी आहेत, ज्यांच्या बांधाला आपला बांध लागला आहे. अशा ठिकाणी संत जोसेफ वाझ ह्यांचे चरित्र आपणांस तीन गोष्टी विचारते. ज्या रविवारी धर्मगुरू येऊ शकत नाही, त्या रविवारी आपल्या वाडीत लोकांस प्रार्थनेस कोण जमवितो? आपल्या मुलांस क्रूसाची खूण व प्रभूची प्रार्थना त्यांच्या घरच्या बोलीत कोण शिकवितो? आणि शेजारच्या घरी आजार आला, तर तो कोणत्या धर्माचा हे न पाहता पेजेचा वाडगा घेऊन प्रथम कोण जातो? ज्या धर्मग्रामात ह्या तीन प्रश्नांस एखाद्या बापाचे, आईचे वा तरुणाचे नाव उत्तर म्हणून देता येते, तेथे ख्रिस्तसभा खरोखर रुजली आहे असे समजावे. जेथे तिन्ही प्रश्नांस केवळ धर्मगुरूचेच नाव सांगावे लागते, तेथे मंदिर कितीही सुबक असो, पेरणी अद्याप अपुरी आहे.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षी प्रत्येक वाडीने आपापला मुप्पू शोधावा, प्रत्येक घराने संध्याकाळच्या माळेस पुन्हा जागा द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्याने अनवाणी चालून परक्या लोकांत देवाचे घर बांधले, त्या संत जोसेफ वाझ ह्यांच्या मध्यस्थीने ह्या लहान कळपावर प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा अखंड राहो, आणि आपण गेल्यानंतरही आपल्या नातवंडांच्या मुखी त्याचे नाव राहो. आमेन.